थंडीतली धाव आणि दुधाचे खाडे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत थंडीत व्यायामाचा उत्साह कसा टिकवावा याविषयीचे लेख येऊ लागतात. आपल्या पुरवणीतही नुकताच तसा एक लेख वाचला. गजराचे घड्याळ उशापासून लांब ठेवावे, धावण्याचे कपडे रात्रीच काढून ठेवावेत, मनाचा निग्रह करावा आणि बाहेर पडणे अगदीच अशक्य झाले तर ट्रेडमिलवर धावावे, असा त्याचा आशय होता. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. मात्र लेख वाचताना मला सारखे वाटत राहिले, की ही थंडी आमच्या ठाण्याची नव्हे; ही कुठल्या तरी बर्फाळ गावची थंडी आहे, जिथे दार उघडून पाऊल टाकताच माणूस घसरतो. गेले आठ हिवाळे मी चरईतून पहाटे धावायला निघते आणि जानेवारीतली अर्धमॅरेथॉन डोळ्यांसमोर ठेवून सोळा आठवड्यांचे वेळापत्रक पाळण्याची खटपट करते. त्यातल्या तीन हिवाळ्यांत ते वेळापत्रक माझ्याकडून मोडले, आणि तिन्ही वेळा त्यात थंडीचा काही दोष नव्हता. ते कशाने मोडले आणि उरलेल्या हिवाळ्यांत कशामुळे टिकले, हे आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करण्यास माझी हरकत नाही.

धावण्याची जी वेळापत्रके आपण मोबाइलवर उतरवून घेतो, त्यांतली बरीचशी युरोप-अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी तिकडच्या ऋतुमानाप्रमाणे आखलेली असतात. बॉस्टनची मॅरेथॉन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी होते, लंडनचीही एप्रिलमध्येच असते. त्यामुळे तिकडच्या लोकांसाठी डिसेंबर-जानेवारी हा पायाभरणीचा काळ असतो. दिवस लहान, रस्त्यावर बर्फ आणि शर्यत अजून तीन-चार महिने लांब, अशा दिवसांत माणसाला घराबाहेर काढायचे तर त्याची समजूतच घालावी लागते. आपल्याकडे मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि गेली कित्येक वर्षे ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. म्हणजे ते ज्या आठवड्यांत पाया घालतात, त्याच आठवड्यांत आपल्याला कळस चढवायचा असतो. अर्धमॅरेथॉनवाल्याची अठरा-वीस किलोमीटरची आणि पूर्ण मॅरेथॉनवाल्याची तीस-बत्तीस किलोमीटरची मोठी धाव, जिला आम्ही सगळे लाँग रनच म्हणतो, ती डिसेंबरातच येते. उसनी घेतलेली समजूत अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण ती मुळात वेगळ्याच दुखण्यावरचे औषध असते.

आणि थंडी म्हणाल, तर आपल्याकडची थंडी धावणाऱ्याच्या फायद्याचीच आहे. धावताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ती उष्णता घाम वाळण्यातून जावी लागते, आणि ऑक्टोबरातल्या आपल्या दमट हवेत घाम नुसता ठिबकतो, वाळत नाही. मग अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, पायांच्या स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. डिसेंबरात पहाटेचे तापमान सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरते, हवा कोरडी होते, आणि ऑक्टोबरात ज्या वेगाला धाप लागत होती त्याच वेगात कोणाच्या तरी डोहाळजेवणाचा बेत सविस्तर बोलता येतो. मासुंदा तलावाच्या कडेने माकडटोपी, मफलर आणि वर हातमोजे अशा थाटात फिरणारे काका त्या सतरा अंशांना हिमालय समजतात, हा भाग वेगळा. धावणाऱ्याने मात्र हवा आहे त्याहून आठ-दहा अंशांनी गरम आहे असे धरूनच कपडे घालावेत. पहिली दहा मिनिटे कुडकुडलो तरी बिघडत नाही.

मग वेळापत्रक मोडते कुठे? माझे तिन्ही वेळा दिनदर्शिकेवर मोडले. मोबाइलमधल्या वेळापत्रकाच्या लेखी पाचवा आठवडा आणि सहावा आठवडा यांत काही फरक नसतो. आपल्या घरात मात्र त्यातल्या एका आठवड्यात वसुबारस असते, रात्री अकरापर्यंत सोऱ्यातून चकल्या पडत असतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, जेव्हा सगळे घर उटणे लावून अभ्यंगस्नानाच्या रांगेत उभे असते, तेव्हा घरातल्या बाईने बुटांच्या नाड्या बांधत "मी तासाभरात आलेच" म्हणणे कोणत्याही निग्रहाने शक्य होत नाही. पुढे तुळशीचे लग्न लागते आणि लगोलग माणसांची लग्ने सुरू होतात. कल्याणच्या हॉलमधून रात्री साडेअकराला परतल्यावर पहाटे साडेचारचा गजर लावताना स्वतःचेच हसू येते. त्यानंतर मार्गशीर्षातले गुरुवार. आमच्याकडे त्या दिवशी उपास असतो आणि संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा, आणि माझ्या वेळापत्रकात वेगाची कसरत नेमकी गुरुवारीच होती. साबुदाण्याच्या खिचडीच्या भरवशावर दोन गुरुवार ती करून पाहिल्यावर मी ती बुधवारी नेली, आणि एवढी साधी गोष्ट करायला मला पाच हिवाळे लागले, कारण छापलेले वेळापत्रक हलवायचे नसते असा माझा शाळकरी समज होता. नाताळच्या सुट्टीतल्या सहली, हुरडा आणि ३१ डिसेंबर यांच्याविषयी वेगळे काही लिहीत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला दिनदर्शिका टांगलेली आहे. तिच्या एकेका चौकोनात आधीच बरीच गर्दी असते: छापलेली तिथी, संकष्टीचा चंद्रोदय, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाला येणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या, आणि ज्या दिवशी दूध घेतले नाही त्या दिवशी सासूबाईंनी निळ्या पेनाने मारलेली फुली. महिन्याच्या अखेरीस त्या फुल्या मोजून दूधवाल्याचा हिशेब होतो. यालाच खाडे म्हणतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच चौकोनांत मी पेन्सिलीने किलोमीटर लिहू लागले, आणि इतके लेख वाचून मला जे उमगले नव्हते ते सासूबाईंच्या फुल्यांनी समजावले. चार दिवस खाडा झाला म्हणून दूध कोणी कायमचे बंद करत नाही. आणि त्या चार दिवसांचे चार लिटर दूध पाचव्या दिवशी कोणी मागवूनही घेत नाही.

मी मागवले होते. तीन हिवाळ्यांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात माझ्या चारही धावा बुडाल्या. भाऊबीज होताच मला अपराधी वाटू लागले आणि पुढच्या आठवड्याचे अठ्ठावीस किलोमीटर अधिक बुडालेले वीस, असे मिळून अठ्ठेचाळीस किलोमीटर एकाच आठवड्यात फेडायचे मी ठरवले. रविवारी माजिवड्याच्या पुलाखाली डाव्या नडगीच्या आतल्या कडेला बोटाच्या पेराएवढी जागा ठणकू लागली. दुखणे पसरलेले नव्हते, तिथेच एका बिंदूवर होते. हाडांच्या डॉक्टरांनी ती जागा अंगठ्याने दाबली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. हाडावर ताण आला आहे, आणखी आठवडाभर असेच धावला असतात तर तडा गेला असता, असे सांगून त्यांनी सहा आठवडे धावणे बंद केले. धाप लागणे काही आठवड्यांत कमी होते, कारण हृदय आणि रक्ताभिसरण व्यायामाला लवकर सरावतात. हाडे आणि स्नायुबंध यांना मात्र महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढते आणि नंतर नवा भरते, आणि या दोहोंच्या मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा नाजूक असते. म्हणजे दम आहे, पाय चालताहेत, मन तयार आहे, आणि आत नडगी मात्र दुरुस्तीसाठी खणून ठेवलेली आहे. आठवड्याचे अंतर एकदम दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम आमच्या धावणाऱ्या मंडळींत सर्वांना पाठ असतो. तो शास्त्राचा सिद्धांत नव्हे, अनुभवाचा ठोकताळाच आहे. पण मी तो ठोकताळा कित्येक पटींनी ओलांडला होता. त्या जानेवारीतली शर्यत मी दूरदर्शन संचासमोर बसून, तिळाचे लाडू वळत पाहिली.

तेव्हापासून आमच्या घरात धावण्याचे खाडे दुधाच्या खाड्यांच्याच पद्धतीने मोजले जातात. चौकोनावर फुली पडली की ते किलोमीटर गेले. पुढच्या चौकोनात जे लिहिले आहे तेवढेच धावायचे. आठ-दहा दिवसांच्या खंडाने तयारीत फारसे काही कमी होत नाही. त्याहून जास्त दिवस गेले, की प्रथम रक्तातला द्रवभाग घटतो आणि ठोके वाढतात, म्हणून दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर मी दोन आठवडे मागे जाते, आणि शेवटाकडचे दोन आठवडे सरळ गाळून टाकते. आठवड्यात एकच धाव वाचवता येणार असेल तर रविवारची वाचवायची, बाकीच्या गेल्या तरी जाऊ द्यायच्या. दर चौथा आठवडा मी आधीपासूनच हलका लिहिते आणि तो दिवाळीवर, घरच्या लग्नावर किंवा वर्षाअखेरीवर पडेल अशा बेताने सोळा आठवड्यांची मोजणी पुढे-मागे सरकवते. सप्टेंबरच्या अखेरीस, गौरी-गणपतीचा शीण उतरला की एका दुपारी दिनदर्शिका खाली काढून हे काम करावे लागते. सासूबाईंना सगळ्या लग्नांच्या तारखा तोंडपाठ असल्याने त्यांना सोबत घेतलेले बरे.

याच्या अगदी उलट हिशेब मोबाइलमधली काही ॲप शिकवतात. सलग किती दिवस धावलात याचा आकडा रोज वाढत जातो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. माझा एक भाचा असा सलग साठ दिवस धावला, एकसष्टाव्या दिवशी मामेभावाच्या हळदीत अडकला, आणि त्यानंतर आजतागायत धावलेला नाही. साठ दिवसांत त्याच्या पायांनी जे कमावले होते ते त्या रात्री कुठेही गेलेले नव्हते, पण पडद्यावरच्या शून्याने त्याची तशी खात्री करून दिली. दूधवाल्याने एका खाड्यासाठी वहीच फाडली असती, तर गावातले एकही घर गिऱ्हाईक म्हणून उरले नसते.

मी एकटीच धावत असते तर हा हिशेबही फार दिवस चालला नसता, हे कबूल करायला हवे. आमच्या शेजारच्या इमारतीत एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात. वय वर्षे छप्पन्न, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी माझा फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. तो मिस्ड कॉल म्हणजे वहिनी खाली आल्या. फोन उचलायचा नाही, बोलायचे नाही, असा आमचा करार आहे, कारण बोलले की सबब सांगता येते. त्या फाटकापाशी, वॉचमनच्या खुर्चीला हात टेकून घोट्याचे व्यायाम करत उभ्या असतात आणि मी उतरले की "झोप झाली का?" एवढेच विचारतात, उत्तराची वाट न पाहता चालू लागतात. मुंबईची शर्यत २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी झाली नाही. त्या दोन हिवाळ्यांत पुढे काही उद्दिष्टच नसल्याने आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी गळाली, आणि जी उरली ती बहुतेक अशीच जोडीने धावणारी होती. वहिनींचा मिस्ड कॉल त्या दोन्ही डिसेंबरांत चुकला नाही. आम्ही तेव्हा कशासाठी धावत होतो, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. खाली कोणीतरी थांबले होते, एवढे मात्र खरे.

आता अंधाराविषयी, कारण थंडीतल्या आळसाच्या नावावर जे खपते त्यात आळसाचा भाग थोडा आणि काळोखाचा मोठा असतो. दिनदर्शिकेत सूर्योदयाच्या वेळा छापलेल्या असतात. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरच्या आरंभी सातला काही मिनिटे असताना, आणि जानेवारीच्या मध्यावर सव्वासातला. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला रात्र सर्वांत मोठी असते असे आपण शाळेत शिकलो, त्यामुळे त्यानंतर पहाट लवकर होऊ लागेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा या दोहोंमुळे सूर्योदय पुढेही तीन-चार आठवडे उशिराच होत राहतो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. परिणाम असा, की शर्यतीच्या ऐन तोंडावरचे आठवडे हे वर्षातल्या सर्वांत काळोख्या पहाटांचे असतात. नव्या वर्षात उजेड लवकर येईल असे वाटत असताना काळोख आणखी लांबतो, अंथरुणातून उठणे जड जाते, आणि माणूस स्वतःला ऐदी ठरवून मोकळा होतो.

आमच्या नेहमीच्या रस्त्यावरचे दिवे गेल्या हिवाळ्यात सहाच्या ठोक्याला विझत असत. ज्या कोणी त्या घड्याळावर सहाची वेळ लावली, त्याने ती बहुधा उन्हाळ्यात लावली असावी, कारण मे-जूनमध्ये ती अगदी बरोबर आहे. डिसेंबरात मात्र सहा ते पावणेसात या वेळात त्या रस्त्यावर डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत सारून आणि फोनची बॅटरी पुढे धरून आम्ही दोघी धावत असू. एका सोमवारी कोणीतरी रस्ता खणून अर्धवट बुजवलेल्या चरात वहिनींचा पाय गेला. तळहात सोलवटले, गुडघा वाचला. कपाळावर बांधायचा दिवा आणला तर कुत्री त्या दिव्यावरच भुंकू लागली. स्वीडनमध्ये १९३०च्या दशकात फार्टलेक नावाची कसरत निघाली, जिच्यात घड्याळाऐवजी रस्त्यातल्या खुणांवरून वेग बदलत धावतात. आमची बुधवारची कसरत तीच आहे, दोन खांबांमधले अंतर जोरात आणि पुढच्या दोन खांबांमधले सावकाश. खांब अजूनही जागच्या जागी उभे आहेत. ज्यांच्याकडे या दिव्यांचे काम आहे त्यांना आम्ही बावीस जणांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे आणि सोबत दिनदर्शिकेच्या डिसेंबरच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. दिव्यांची वेळ महिन्यातून एकदा सूर्योदयाप्रमाणे बदलावी, एवढीच त्यात मागणी आहे. तिचा लाभ धावणाऱ्यांपेक्षाही दूध आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांना, पहिल्या पाळीला निघालेल्या बायकांना आणि पावणेसातच्या शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या लेकरांना अधिक होईल.

दुसरी गोष्ट हवेची, आणि तिच्याबाबत मी स्वतः अनेक वर्षे चुकीच्या समजुतीत होते. पहाटेची हवा शुद्ध असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ठाण्याच्या हिवाळ्यात पुष्कळदा याच्या उलट असते. रात्री जमीन निवते आणि तिच्यालगतची हवाही थंड होते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि रात्रभराचा धूर, धूळ, गाड्यांचा धुरळा त्या झाकणाखाली कोंडला जातो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते. पहाटे वाहतात ते मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे, आणि हिवाळ्यात ते इतके मंद असतात की झाकणाखालची हवा हलतच नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे आणि उंच इमारतींचे काम चालू असल्याने धुळीला तोटा नाही. त्यात कोपऱ्याकोपऱ्यावर झाडलेला पालापाचोळा पेटवलेला असतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, धावताना हेच प्रमाण साठ लिटरच्या वर जाते, आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. हवेतल्या त्यांच्या प्रमाणाची आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५ आहे. या दोन आकड्यांमध्ये आपला बहुतेक हिवाळा सरतो असे म्हटले तरी ते सौम्य ठरेल.

याचा अर्थ धावणे सोडावे असा मी घेत नाही, पण वेळ बदलावी लागते हे मी उशिराने का होईना मान्य केले. आठवड्यातल्या दिवसांना नोकरीमुळे इलाज नसतो, म्हणून त्या धावा लहान आणि सावकाश ठेवते, आणि त्याही मोठ्या रस्त्यांपासून दूर, कचराळी तलावाच्या बाजूने किंवा पाचपाखाडीतल्या आतल्या गल्ल्यांतून. रविवारचा लाँग रन पूर्वी आम्ही मोठ्या फुशारकीने साडेचारला सुरू करायचो; आता पावणेसातला करतो. ऊन पडून जमीन तापू लागली की ते झाकण हळूहळू उचलले जाते, पण साडेनवानंतर तेच ऊन चटके देऊ लागते, त्यामुळे मधल्या अडीच तासांत काय ते उरकावे लागते. महिन्यातून दोनदा आम्ही उपवनहून येऊरचा चढ चढतो. तिथे झाडी आहे, गाड्या कमी आहेत आणि मुंबईच्या शर्यतीतल्या पेडर रोडच्या चढाची धास्ती तिथेच मोडते. मात्र तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचे घर आहे, आणि पूर्ण उजाडल्याशिवाय तिथे पाऊल ठेवू नये. नेरूळला राहणारी माझी नणंद खाडीच्या कडेने धावते आणि हिवाळ्यात तिला रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात, असे ती दर फोनवर सांगते. आमच्याकडे येऊरचे धनेश आहेत, असे मी तिला सांगते. हवेचा निर्देशांक २०१च्या पुढे, म्हणजे "वाईट" या गटात गेला असेल तर मी चौकोनावर फुली मारते आणि घरातच जिन्याचे चार मजले दहा वेळा चढते. हाही खाडाच, आणि त्याचेही किलोमीटर फेडायचे नसतात.

आपल्याला लिहिण्याचे खरे कारण इथेच येते. आपल्या दैनिकात सूर्योदयाची वेळ रोज छापली जाते आणि हवेचा निर्देशांकही हिवाळ्यात बहुतेक दिवशी असतो. मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जे दैनिक पत्रक दुपारी चार वाजता निघते, त्यातला आकडा मागच्या चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. त्या सरासरीत दुपारचे खारे वारे पहाटेचा धूर धुऊन काढतात, आणि पहाटे धावणाऱ्याला, फिरणाऱ्याला किंवा झाडू मारणाऱ्याला ज्या हवेत श्वास घ्यावा लागतो तिचा पत्ता त्यातून लागत नाही. हवामापन केंद्रांचे तासातासाचे आकडे उपलब्ध असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबई येथील आदल्या दिवशीच्या पहाटे सहाचा आणि सकाळी नऊचा, असे दोनच आकडे सूर्योदयाच्या शेजारी छापावेत, अशी माझी विनंती आहे. दोन ओळींची जागा लागेल. आमच्या स्वयंपाकघरातल्या चौकोनात मी ते आकडे लिहून घेईन, आणि माझ्यासारखे आणखीही काही वाचक लिहून घेतील असा माझा अंदाज आहे.

शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे धावणे कमी करत आणायचे असते, त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. जानेवारीचा तिसरा रविवार १५ ते २१ या तारखांतच पडत असल्याने संक्रांत नेहमी त्याच्या आधीच्या आठवड्यात येते, क्वचित त्याच दिवशी. २०२३ साली १५ जानेवारीला शर्यत आणि संक्रांत एकत्रच आल्या होत्या. त्या आठवड्यात पाय मोकळे आणि पोट भरलेले हवे, आणि त्यासाठी गुळाच्या पोळीहून सोयीचे काही मला अद्याप सापडलेले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक,
चरई, ठाणे (पश्चिम)

ता. क. हे पत्र लिहिले त्या दिवशीच्या चौकोनात पेन्सिलीने बारा किलोमीटर लिहिलेले होते. त्यावर फुली आहे, आणि फुलीखाली सासूबाईंच्या अक्षरात "केळवण, डोंबिवली".